शिफारस-चिठ्ठ्या: कादंबऱ्यांच्या नोंदवहीचं काम

३ जून

जुन्या नोंदवहीतल्या चिठ्ठ्या काढून मोठ्यानं वाचल्या. प्रत्येकीत नाव, लेखक, दहा-बारा ओळींचं कथानक आणि शेवटी एक शेरा. शेरे ठरलेले: 'खिळवून ठेवते', 'अंतर्मुख करते', 'विदारक वास्तव'. मग नावाची ओळ बोटानं झाकून पाहिली. कुठलीही चिठ्ठी कुठल्याही कादंबरीला चालून गेली. ही तपासणी आता कायम ठेवायची: नाव झाकल्यावर जी चिठ्ठी दुसऱ्या पुस्तकाला लावता येते, ती फाडायची.

दुसरा दोष कथानकाचा. गोष्ट आवडली नाही म्हणून कादंबरी अर्ध्यावर सोडणारे थोडे. बहुतेक जण अडतात ते कोण बोलतंय हे न कळल्यामुळे, बोली न पेलल्यामुळे किंवा शंभर पानं झाली तरी काही 'घडत' नाही म्हणून. यातलं एकही जुन्या चिठ्ठ्यांत नाही.

नवी चिठ्ठी पोस्टकार्डाएवढी, १२० शब्दांच्या आत. कथानकाला दोनच वाक्यं, आणि तीही पुस्तकाच्या पहिल्या एक तृतीयांश भागापर्यंतची. उरलेल्या जागेत कोण सांगतंय, कोणत्या मराठीत, अडायला कुठे होतं, कुठपर्यंत वाचून सोडायचं की नाही ते ठरवावं, आणि पुस्तक कुणाला देऊ नये. शेवटचा खाना सगळ्यांत आधी भरायचा. तो भरता आला नाही तर पुस्तक नीट वाचलेलं नाही असं समजावं.

५ जून

'कोण सांगतंय' या खान्यापासून सुरुवात. 'ययाति' (वि. स. खांडेकर, १९५९) आणि 'मृत्युंजय' (शिवाजी सावंत, १९६७) या दोन्हींवर जुनी चिठ्ठी एकच होती: 'महाभारतावरची कादंबरी'. एक आवडली म्हणून दुसरी दिली जाते आणि हमखास घोटाळा होतो.

'ययाति'त तिघं बोलतात: ययाति, देवयानी, शर्मिष्ठा. एकाच संसाराकडे तिघं तीन बाजूंनी पाहतात, त्यामुळे घटना कमी आणि मनातली झटापट जास्त. युद्ध, पराक्रम, दरबार शोधणाऱ्याच्या हाती फारसं काही लागत नाही. 'मृत्युंजय'मध्ये नऊ भाग आणि सहा निवेदक. त्यातले चार भाग एकट्या कर्णाचे, बाकीचे कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि श्रीकृष्ण यांना एकेक. भाषा अलंकारांनी भरलेली, उपमांवर उपमा. पल्ला मोठा आहे आणि लेखकाला घाई नाही. साध्या गद्याची सवय असलेल्याला पहिल्या भागातच धाप लागते. पण ज्याला मोठ्यानं वाचायला आवडतं त्याला हीच भाषा धरून ठेवते. तेव्हा चिठ्ठीत 'रोज पंचवीस-तीस पानं, जमल्यास मोठ्यानं' एवढं लिहिलं.

दोन्ही चिठ्ठ्यांवर एक ओळ वाढवली: पात्रं महाभारतातली असली तरी मनोगतं लेखकाची आहेत, वादात पुरावा म्हणून काढू नयेत. ही ओळ वाटते तितकी फालतू नाही.

९ जून

'ग्रामीण' हा शिक्का आज नोंदवहीतून काढून टाकला. त्याखाली 'बनगरवाडी', 'धग' आणि 'पाचोळा' एकत्र पडल्या होत्या. तिन्ही खेड्यातल्या, तिन्ही आकारानं आटोपशीर, पण वाचताना तीन वेगळी कामं करायला लावणाऱ्या.

'बनगरवाडी' (व्यंकटेश माडगूळकर, १९५५) माणदेशातल्या धनगरांच्या वस्तीची. सांगतो तो बाहेरून आलेला तरुण शाळामास्तर. त्यालाही गाव नवं, वाचकालाही नवं. दोघं बरोबरीनं ओळख करून घेतात, म्हणून वाट चुकत नाही. निवेदन साध्या प्रमाण मराठीत, बोली फक्त संवादांत. वाक्यं छोटी. लेखक भावना सांगत बसत नाही, दिसलं ते मांडतो. इथेच काहींचा गैरसमज होतो: 'कोरडी आहे'. ती कोरडी नाही, पण हे समजायला मास्तर गावात जरा रुळावा लागतो. तालमीच्या बांधकामाचा विषय निघेपर्यंत वाचावं आणि मग ठरवावं.

'धग' (उद्धव शेळके, १९६०) इथून एक पायरी वर. निवेदन तिसऱ्या पुरुषात, संवाद वऱ्हाडी. केंद्र कौतिक: संसार सावरायला धडपडणारी, हटून बसणारी बाई. संवाद भरपूर, त्यामुळे बोली टाळून पुढे सरकता येत नाही. पण पहिल्या दोन-तीन प्रकरणांत क्रियापदांची रूपं कानावर बसली की पुढे अडत नाही. शब्दकोश घेऊन बसू नये. अनोळखी शब्द बहुधा पुढच्या संवादात स्वतःच उलगडतो. हलकंफुलकं काही हवं असेल तर ही देऊ नये, आणि आजारपण किंवा पैशाची तंगी घरात चालू असताना तर नकोच.

'पाचोळा' (रा. रं. बोराडे, १९७१) सगळ्यांत वरची पायरी, कारण इथे निवेदनच बोलीत आहे. पारबती स्वतः सांगते आणि मराठवाड्यातल्या आपल्या बोलीत सांगते. प्रमाण भाषेचा कठडा कुठेच नाही. डोळ्यांनी वाचलं तर पहिली दहा पानं खडे चावल्यासारखी जातात. तीच मोठ्यानं वाचली तर पाचव्या पानाला बाई समोर बसून बोलायला लागते. चिठ्ठीवर 'आधी ऐका, मग वाचा' असं लिहिलं. घरात त्या भागातली बोली बोलणारं कुणी असेल तर पहिलं प्रकरण त्यांच्याकडून वाचून घ्यावं.

गल्लतीची एक जागाही नोंदवली. 'धग' आणि 'पाचोळा' दोन्हींतलं कुटुंब शिंप्याचं आणि दोन्हींत भार बाईवर. लागोपाठ वाचल्या तर महिन्याभरात आठवणी एकमेकींत मिसळतात. मध्ये निदान एक वेगळ्या जातकुळीची कादंबरी असू द्यावी.

१० जून

कालच्या नोंदीला जोड. बोली पेलेल की नाही हे विचारून कळत नाही, लोक भिडेखातर हो म्हणतात. पुस्तक मध्येच उघडून दोन पानं मोठ्यानं वाचायला द्यावीत. दुसऱ्या पानावर वेग वाढला तर पुस्तक द्यावं. तितकाच राहिला तर आधी 'बनगरवाडी'.

१४ जून

'कोसला' (भालचंद्र नेमाडे, १९६३). हिची चिठ्ठी आज तिसऱ्यांदा लिहिली. इतका त्रास दुसऱ्या कुठल्या पुस्तकानं दिला नाही.

पहिल्या चिठ्ठीत 'खेड्यातून शहरात शिकायला आलेल्या तरुणाची कहाणी' होतं. यात खोटं काही नाही, पण उपयोगही नाही. ही चिठ्ठी वाचून ज्यानं पुस्तक घेतलं त्याला धडपड, अपयश, यश अशी चढती गोष्ट अपेक्षित असते. पांडुरंग सांगवीकर मात्र मेस, वसतिगृह, मंडळं, निवडणुका, सहली यांतून भटकत राहतो आणि कशालाच गोष्टीचा आकार येऊ देत नाही. दुसऱ्या चिठ्ठीत 'मराठी कादंबरीला वळण देणारी' असं लिहिलं. हे तर आणखी वाईट. वळणाचं नाव काढलं की वाचक परीक्षेला बसल्यासारखा पुस्तक उघडतो आणि हसायचं विसरतो.

विनोदी आहे हे आधी सांगितलंच पाहिजे. 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' हे शब्द नको तिथे येतात ते लेखकाच्या हलगर्जीपणानं नव्हे. मोठेपणानं बोलल्या जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीची हवा काढायचं ते हत्यार आहे. हे कळलं की पहिल्या पानापासून हसू येतं. न कळल्यास तेच शब्द डोक्यात जातात. मध्ये एक भाग डायरीच्या नोंदींचा आहे. तिथे कंटाळा हाच विषय असल्यामुळे वाचकही कंटाळतो. नोंदी सलग न वाचता दोन-तीन बैठकांत वाचाव्यात.

घरातला जो प्रसंग पुस्तकाचा सूर बदलतो, त्याचा चिठ्ठीत उल्लेख नाही. तो इतक्यांदा सांगितला गेलाय की झाकण्यात अर्थ नाही, असाही मुद्दा निघाला. मान्य केला नाही. ज्याला माहीत नाही त्याला तो तसाच भेटू द्यावा.

पक्की चिठ्ठी अशी: 'निवेदक पांडुरंग, पंचविशीचा, थट्टेखोर आणि आतून दुखावलेला. भाषा बोलण्याची, मुद्दाम अघळपघळ. गोष्ट सरळ चढत नाही. पहिल्या भागात एकदाही हसू आलं नाही तर थांबा आणि वर्षभरानं बघा. हसू आलं तर शेवटपर्यंत जा, कारण पुढे हसू कमी होत जातं. डायरीचा भाग तुकड्यांनी. प्रेरणादायी काही शोधणाऱ्याला देऊ नये.'

१५ जून

पान क्रमांक रद्द. आवृत्ती बदलली, अक्षराचा ठसा बदलला की पानं सरकतात आणि 'पान ८० पर्यंत वाचा' ही सूचना फसते. यापुढे प्रकरण किंवा प्रसंग. ई-पुस्तकात तर पान वाचणाऱ्याच्या अक्षरांच्या आकारावर ठरतं.

२१ जून

क्रमाचा प्रश्न. नेमाड्यांच्या चांगदेव पाटील या नायकाच्या चार कादंबऱ्या 'बिढार', 'हूल', 'जरीला', 'झूल' याच क्रमानं वाचाव्यात. हाती लागेल ती आधी असं केलं तर चालतं, पण गावं, कॉलेजं आणि सहकारी बदलत जाण्यामागचा थकवा साठत नाही, आणि तो साठणं हाच अर्धा अनुभव. चारही लागोपाठ मात्र वाचू नयेत. दोन झाल्यावर थांबावं.

'तुंबाडचे खोत' (श्री. ना. पेंडसे, १९८७) दोन खंडांची. पिढ्यांमागून पिढ्या येतात आणि दुसऱ्या खंडाला हात घालेपर्यंत कोण कुणाचा कोण हे विसरलेलं असतं. कागदाची एक लांब पट्टी घ्यावी, वर मूळ पुरुष, खाली फांद्या, आणि नवं नाव आलं की तिथेच लिहावं. पट्टी खुणेसारखी पुस्तकातच ठेवावी. तयार वंशावळ चिठ्ठीला जोडायचा विचार होता, तो सोडला: कोण जगलं, कुणाचं लग्न कुणाशी झालं हे सगळं आधीच फुटतं. वाचकानं स्वतःच भरावी. पहिला खंड संपल्यावर पंधरवड्याच्या आत दुसरा हाती नसेल तर सुरुवातच करू नये.

२५ जून

चित्रपट पाहिलेल्यांना पुस्तक कसं द्यावं. जब्बार पटेलांचा 'सिंहासन' (१९७९) अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवर उभा आहे, 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन'. चित्रपट पाहिलेला वाचक म्हणतो, माहीत आहे. त्याला 'मुंबई दिनांक' आधी द्यावी, कारण तिच्यातलं शहर पडद्यावर मावलेलं नाही.

'शाळा' (मिलिंद बोकील, २००४) याच्या उलट. चित्रपटानं प्रेमाचा धागा लोकांच्या डोक्यात पक्का केला. पुस्तकात मुकुंद जोशीचं मन, वर्गातली मुलं, मागे चाललेली आणीबाणी यांना कितीतरी जास्त जागा आहे. बरीच वर्षं कादंबरी न वाचलेल्या माणसाच्या हाती पहिली द्यायची तर हीच: निवेदक नववीतला मुलगा, वाक्य बोलण्यातलं, अडायला कुठे होत नाही. धोका एवढाच की वाचणारा स्वतःच्या शाळेच्या आठवणींत रमतो आणि पुस्तक बाजूला राहतं.

२८ जून

विषयावरून जोड्या लावून पाहिल्या. धरणग्रस्तांवरच्या दोन कादंबऱ्या: 'झाडाझडती' (विश्वास पाटील, १९९१) आणि कृष्णात खोत यांची 'रिंगाण', जिला २०२३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. विषयाच्या खान्यात दोन्हींना 'विस्थापन' लिहिलं आणि लगेच लक्षात आलं की हा खानाच फसवा आहे. 'झाडाझडती'त माणसांची गर्दी आहे, कचेऱ्या आहेत, पुनर्वसनाचा सगळा कारभार आहे. ती माहिती देत पुढे जाते आणि संताप साठवत नेते. 'रिंगाण'चा आवाका मुद्दाम अरुंद: उठवलेल्या गावातला देवाप्पा मागे राहिलेल्या म्हशीच्या शोधात जुन्या जागी जातो. माणूस, जनावर, रान. एकीला पट मोठा लागतो, दुसरीला शांतता.

विषय आवडला म्हणून लगेच त्याच विषयावरचं दुसरं पुस्तक देऊ नये. पहिल्यानं डोळ्यांना जी मापं दिलेली असतात ती दुसऱ्याला लावली जातात. 'झाडाझडती'नंतर लगेच 'रिंगाण' घेतली तर 'यात काही घडत नाही' असा शेरा येतो. आधी 'रिंगाण' आणि काही आठवड्यांनी 'झाडाझडती' हा क्रम बरा.

२ जुलै

पुरस्काराचा खाना चिठ्ठीच्या मागच्या बाजूला हलवला. कारण साधं आहे: सदानंद देशमुखांची 'बारोमास' (२००४चा साहित्य अकादमी) आणि श्याम मनोहरांची 'उत्सुकतेने मी झोपलो' (२००८चा तोच पुरस्कार) एकाच माणसाला दिल्या तर त्यातली एक बहुतेक परत येते. पहिलीत शेती, घर, शिकून बेकार बसलेला मुलगा आणि सरळ पुढे सरकणारं दुःख. दुसरी विचार करण्याच्या रीतीवरच चालते. तिला गोष्टीची घाई नाही आणि विनोद फार सुक्या चेहऱ्याचा. पुरस्कारावरून वाचकाला यातलं काही कळत नाही. नंदा खरे यांनी तर 'उद्या'ला मिळालेला २०२०चा पुरस्कार नाकारला होता. त्यामुळे पुस्तक वाचायला सोपं झालं नाही की अवघड.

५ जुलै

दोन शाईंची पद्धत सुरू केली. पुस्तक संपल्यावर ४८ तासांत निळ्या शाईनं पहिली नोंद. मग तीन आठवड्यांनी, पुस्तक न उघडता आणि निळी नोंद न वाचता, काळ्या शाईनं मनात उरलेल्या तीन गोष्टी. मग दोन्ही शेजारी ठेवायच्या.

निळी नोंद शेवटानं भारलेली असते. शेवट चांगला असला की आधीचं सगळं माफ होतं आणि फसला की सगळं पुस्तक फसलेलं वाटतं. काळ्या नोंदीत तो ताप उतरलेला असतो. 'रणांगण' (विश्राम बेडेकर, १९३९) हे नमुन्यादाखल. युरोपातून आशियाकडे निघालेली बोट, हिटलरच्या जर्मनीतून निघालेले ज्यू, चक्रधर आणि हॅर्टा. निळ्या नोंदीत प्रेमकथा. काळ्या नोंदीत आधी बोट आली: डेकवरची माणसं, उतरायला बंदर नसणं, आणि चक्रधरचा कडवट, स्वतःलाही न सोडणारा आवाज. चिठ्ठीवर काळी नोंद गेली. पुस्तक लहान आहे, पण एका बैठकीत संपवू नये. वाक्यं आखूड असल्यामुळे वेग आपोआप वाढतो आणि मधले तिरकस शेरे निसटतात. शेवटाबद्दल आणि पत्रांबद्दल एक अक्षरही नको.

काळ्या शाईला काहीच लिहिण्यासारखं उरलं नाही तर चिठ्ठी करायची नाही. असं पुस्तक वाईटच असतं असं नाही. प्रवासात छान सोबत करणारी पुष्कळशी पुस्तकं अशीच असतात. त्यांच्यासाठी मागच्या पानावर फक्त नावांची यादी ठेवली.

९ जुलै

जुन्या कादंबऱ्या. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' (१८५७) सुरुवातीची म्हणून इतिहासात महत्त्वाची, पण शिफारस म्हणून फक्त अभ्यास करणाऱ्याला. विधवांची स्थिती सांगणं हा तिचा उघड हेतू आहे आणि तो ती झाकत नाही.

ह. ना. आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' मात्र आजही सरळ वाचण्यासारखी. यमू स्वतःच्या तोंडानं सांगते, बोलण्याच्या लयीत. अडायला होतं ते लांबीमुळे. कारण छापण्याच्या रीतीत आहे: ती 'करमणूक' साप्ताहिकातून क्रमशः आली. आठवड्यातून एकदा भेटणाऱ्या वाचकासाठी लिहिलेल्या मजकुरात आधीच्या गोष्टींची उजळणी येतेच. सलग शंभर पानं वाचली की ती पुनरुक्ती टोचते. दिवसाला एक-दोन प्रकरणं घेतली तर तीच उजळणी मदतीला येते. घरातल्या नात्यांचा गोतावळा मोठा, तेव्हा इथेही 'तुंबाडचे खोत'सारखी नावांची पट्टी. जोडाक्षरं आणि अनुस्वार जुन्या वळणाचे असलेली प्रत हाती आली तर नवी आवृत्ती शोधावी.

१२ जुलै

'चांगली कादंबरी सुचवा' असं विचारणाऱ्याला उलट काय विचारायचं, ते नक्की केलं. 'कोणत्या विषयावरचं आवडतं' हा प्रश्न बंद. त्याऐवजी: शेवटची पूर्ण केलेली कादंबरी कोणती, शेवटची सोडलेली कोणती, आणि कुठे सोडली. तिसरं उत्तर सगळ्यांत मोलाचं. 'पहिल्या प्रकरणातच' म्हणजे बहुधा भाषा. 'मध्यावर' म्हणजे वेग किंवा पात्रांची गर्दी. 'शेवटची चाळीस पानं राहिली' असं कुणी म्हणालं तर कारण पुस्तकात नसून वेळेत आहे, त्याला तेच पुस्तक परत द्यावं.

१५ जुलै

किरण नगरकरांच्या 'सात सक्कं त्रेचाळीस'ची (१९७४) चिठ्ठी अजून बसत नाही. कुशंक पुरंदरेच्या आयुष्यातले तुकडे काळाचा क्रम मोडून येतात, 'मी'वरून 'तू'वर उडी पडते, आणि 'कुठपर्यंत वाचून ठरवावं' या खान्यात लिहायला प्रसंगाची खूणच सापडत नाही. एक उपाय करून पाहायचा आहे: प्रकरणाऐवजी वेळ. सलग दीड तास, मध्ये न उठता, काल कुठे होतो ते मागे न तपासता. काळी नोंद ५ ऑगस्टला. तोवर चिठ्ठी पेन्सिलनं.